ओसेन टेकडीची माळीण

ओड्नी सेल्स्टाड नऊ वर्षांची झाली तरी ओसेनच्या माथ्यावर गेल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि राहायची कुठं, तर ओसेनच्याच पायथ्याशी. घराचं मागचं दार उघडलं की टेकडीचा चढ अगदी अंगावर यायचा, पण मध्ये काटेरी तारांचं कुंपण. वर जर्मन सैन्याच्या तोफा होत्या. पाच वर्षं नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या तोर्सविकमधल्या कुणालाही वर पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यामुळे ओड्नीच्या वयाची पोरं टेकडीवरच्या बागेविषयी बोलायची, ती न आठवणाऱ्या आजोळाविषयी बोलावं तशी.

तिची आई सार्डीन डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला होती. संध्याकाळी हात कितीही धुतले तरी माशाचा वास जायचा नाही. त्याच हातांनी पोरीची वेणी घालताना ती सांगायची, वर बँडवाल्यांचा मंडप आहे, बदकांचं तळं आहे, लिंडनच्या झाडांची रांग आहे.

"तू पोटात होतीस ना, तेव्हा मी त्या मंडपाशी बसून चांगली दोन जाळीदार गोड वाफलं खाल्ली होती."

"मग मला चव कशी आठवत नाही?"

"कारण दोन्ही मीच खाल्ली. हलू नकोस, भांग वाकडा होतोय."

युद्ध संपलं त्या वर्षी उन्हाळाभर सैनिक टेकडीवरचे सुरुंग काढत होते. सप्टेंबरातल्या एका रविवारी कुंपण उघडलं आणि अख्खं शहर चर्चमधून तडक टेकडीवर निघालं. ओड्नी आईचं बोट धरून चढली. वर पोचल्यावर आई जी एका दगडावर बसली, ती उठेचना. मंडपाचं लाकूड सैनिकांनी शेगडीत घातलं होतं. तळं कोरडं ठणठणीत. तोफांच्या आड येत होती म्हणून लिंडनची झाडं कमरेपासून तोडलेली. आजूबाजूची मोठी माणसं टोप्या काढून उभी होती, मयताला आल्यासारखी.

ओड्नीनं मात्र पाठ फिरवून खाली पाहिलं. बंदर, बेटं, बेटांपलीकडे उघडा समुद्र, आणि अगदी पायाखाली त्यांच्या घराचं छप्पर. दोरीवर वाळत घातलेला तिचा पिवळा झगासुद्धा दिसत होता.

"आई, आपलं घर केवढंसं आहे बघ!"

पुढं ती नेहमी सांगायची, "त्या दिवशी सगळ्या गावात मी एकटीच खूश होते. आधीचं काही आठवतच नव्हतं, तर रडू कशासाठी?"

पंधराव्या वर्षी तीही आईच्या शेजारी कारखान्यात उभी राहिली. सात वर्षं तिनं सार्डीनची मुंडकी छाटली. बाविसाव्या वर्षी, १९५८च्या मार्चमध्ये, नगरपालिकेच्या फळ्यावर तिला चिठी दिसली: ओसेनच्या बागेसाठी मदतनीस हवा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याचा एप्रन अंगावर तसाच ठेवून ती वर गेली.

बागेचा मुख्य माळी होता सीवर्ट म्यूरे. तोंडात न पेटवलेला पाइप, अंगात कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर. त्यानं तिच्याकडे नखशिखांत पाहिलं.

"पोरी, इथं माणूस हवाय."

"मग मी काय समुद्रातली सील आहे?"

"वास तर तसाच येतोय."

"वास धुतला की जाईल. तुमचा खडूसपणा जाईल का?"

सीवर्टनं पाइप तोंडातून काढला, शेजारचं फावडं तिच्या हातात दिलं आणि जमिनीवर बुटाच्या टाचेनं खूण केली. "गुडघाभर खड्डा खण."

ओड्नीनं अंगातलं सगळं बळ लावून घाव घातला. वीतभर खाली फावडं खणकन वाजलं आणि हात खांद्यापर्यंत झिणझिणले. तिनं जागा बदलली. तिथंही तेच. तिसऱ्या जागीही तेच. सीवर्ट हसत होता.

"दिवसभर खणलंस तरी गुडघाभर खड्डा होणार नाही. वीतभर माती, खाली खडक. या टेकडीवर माती आपोआप आली नाही, माणसांनी वाहून आणली. इथलं माळीकाम म्हणजे खडकाला गोधडी पांघरायची आणि वाऱ्यानं ती उडू नये म्हणून जन्मभर तिच्यावर बसायचं. जमेल?"

"बसायला मिळणार असेल तर जमेल. खाली सात वर्षं उभी आहे मी."

सोमवारी ये, म्हणाला.

तेव्हापासून ती टेकडीचीच झाली. सीवर्टनं तिला सगळं शिकवलं: वाऱ्याकडे तोंड करून काटक पाइन लावायचे आणि त्यांच्या पाठीशी नाजूक झाडं, रोपाला पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून बघायचं, तळ्यावरच्या बदकांना शिळा पाव घालणाऱ्या म्हाताऱ्यांशी कधी हुज्जत घालायची नाही. मंडप पुन्हा उभा राहिला. तोफेचा काँक्रीटचा कट्टा फोडायला फार खर्च आला असता, म्हणून ओड्नीनं त्याच्या भोवती बाकं मांडली आणि तिथं शाळकरी मुलांची नाटकं व्हायला लागली. काम संपल्यावर तिकडे सोबत्यांना "आजच्याबद्दल आभार" म्हणायची रीत आहे. सीवर्ट ते ओड्नीला म्हणायचा, आणि मग अवजारांच्या खोलीला कडी घालताना तेच टेकडीला म्हणायचा. म्हातारा खुळावलाय, असं तिला वाटायचं. दोन वर्षांत तीही म्हणायला लागली.

तिनं योस्टाइनशी लग्न केलं. तो फेरीबोटीवर स्वयंपाकी होता, म्हणजे प्रवाशांसाठी धिरड्यांसारखे जाड गोड स्वेले भाजायचा आणि उरलेले बायकोसाठी घरी आणायचा. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं त्याचं दुःख झालं, नाही असं नाही. एकदा योस्टाइन म्हणाला, "तुझी चारशे पोरं वर उभी आहेत, आणि एकालाही बूट घ्यावे लागत नाहीत." त्यावर ती आधी चिडली आणि मग खूप दिवसांनी हसली. सीवर्ट १९७४ साली गेला आणि बाग तिच्या हाती आली.

मग १९९२ साल उजाडलं ते वादळ घेऊनच.

नव्या वर्षाच्या सकाळी वाऱ्यानं समुद्रावरून जी मुसंडी मारली, तशी तोर्सविकमधल्या शंभरीच्या माणसांनीही पाहिली नव्हती. छपरांवरची कौलं पत्त्यांसारखी उडत होती. ओड्नी आणि योस्टाइन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते. तिथून टेकडीचा माथा दिसायचा.

"ते बीच जातीचं मोठं झाड गेलं," ओड्नी म्हणाली. मग, "मंडपामागचे पाइन गेले." मग, "लिंडन."  योस्टाइननं पडदा ओढायला हात पुढं केला, तर तिनं तो धरून ठेवला.

दुपारी वारा पडला तशी ती वर गेली. चारशेवर झाडं होती, त्यांतली एकतीस उभी होती. बाकीची नुसती मोडली असती तर बुंध्यांना पुन्हा फुटवा तरी आला असता. पण माती वीतभरच, त्यामुळे झाडं मुळांसकट, मातीसकट उलथली होती, कुणी ताटाखालची चटई खसकन ओढावी तशी. मुळांच्या भिंतीच्या भिंती आभाळाकडे तोंड करून उभ्या, आणि त्यांच्या पायाशी मातीचे ढीग, खड्डे आणि उघडा खडक. मंडपाच्या पायरीवर ती बसून राहिली. योस्टाइन थर्मास घेऊन मागोमाग आला.

"कॉफी घे."

"तेहतीस वर्षं रे."

"माहीत आहे. कॉफी घे."

"सीवर्टनं सांगितलं होतं, जन्मभर वर बसायचं. मी खाली घरात बसले होते."

"तू वर बसली असतीस तर आत्ता डेन्मार्कात सापडली असतीस. घे म्हणतो ना."

आठवडाभर ती कामाला गेली नाही. तेहतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आठव्या दिवशी नगरपालिकेचा नवा अभियंता हालवर नेसे तिच्या घरी आला. पस्तिशीचा, हुशार, घाईतला. लहानपणी हाच हालवर बदकांच्या तळ्यात दोनदा पडला होता आणि दोन्ही वेळा ओड्नीनंच त्याला कॉलर धरून बाहेर काढलं होतं.

"ओड्नीताई, मला समजतं तुम्हाला काय वाटत असेल ते," त्यानं नकाशा टेबलावर पसरला. "पण आता निर्णय घ्यायला हवा. मुळं उचलायची, वर खडी टाकायची, सपाट करायचं. माथ्यावर गाड्या लावायची जागा आणि काचेचं कॉफीघर. उन्हाळ्यात पर्यटकांची जहाजं येतात, त्यांना वर न्यायला बस हवीच."

"आणि झाडं?"

"कुंड्यांमधून ठेवू की."

"हालवर, तुला मी दोनदा पाण्यातून काढलं. तिसऱ्यांदा काढणार नाही, सांगून ठेवते."

पण तिच्या बोलण्यात जोर नव्हता, आणि ते दोघांनाही कळलं. खडीचं काम जूनमध्ये सुरू करायचं ठरलं. तोवर ओड्नीनं मोडकी लाकडं हलवावीत आणि रान माजू देऊ नये, एवढंच काम तिच्याकडे उरलं.

ते ती करत राहिली, मान खाली घालून. एप्रिलच्या शेवटी एकदा त्या मोठ्या बीच झाडाच्या खड्ड्यात ती कुदळ घेऊन उतरली, तर उलथलेल्या मातीत रोपं उगवली होती. कुदळ उचललेली तशीच राहिली. टेकडीवरचं पान न् पान ती ओळखायची. लावलेलं काय आणि तण काय, डोळे मिटून नुसत्या वासावर सांगायची. ही पानं तिनं कधी पाहिली नव्हती. एक जात केसाळ आणि चिकट, बोटांना लागली की घाण वास. दुसरी करड्या लोकरीसारखी मऊ. तिसरी निळसर, नाजूक, कोथिंबिरीसारखी कातरलेली. पुढच्या खड्ड्यात पाहिलं, तिथंही. त्याच्या पुढच्यातही.

तिनं कुदळ बाजूला ठेवली आणि खाली जाऊन वाल्बोर्गबाईंचं दार वाजवलं. वाल्बोर्गबाई म्हणजे शाळेतल्या निसर्गाच्या बाई. आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

"बाई, मला न ओळखता येणारं काहीतरी ओसेनवर उगवलंय."

"तुला न ओळखता येणारं? मग मला बघितलंच पाहिजे. पण चढू कशी?"

ओड्नीनं बागेच्या छोट्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, तिच्यात माशाचं खोकं पालथं घातलं, खोक्यावर घरची उशी ठेवली. बाई डोक्याला रुमाल बांधून उशीवर बसल्या आणि रस्त्यात भेटेल त्याला राणीसारखा हात करत वर गेल्या. खड्ड्याच्या काठावर त्यांनी भिंग काढलं. केसाळ पान चुरून नाकाशी धरलं आणि खुदकन हसल्या.

"खुरासानी ओवा! विषारी आहे, तोंडात घालू नकोस. हा मी पाच वर्षांची असताना बंदरावर पाहिला होता, ओड्नी. त्यानंतर इथं कधीच नाही. हा लोकरीसारख्या पानांचा, तो माणसाएवढा उंच पिवळा दांडा काढेल. हा पित्तपापडा. आणि ही बारीक रोपं जर मला वाटतं ती असतील, तर जुलैत हा उतार लाल होईल. पॉपी."

"पण आली कुठून? मी पेरली नाहीत. पक्ष्यांनी टाकली म्हणावं, तर एवढी?"

"पक्ष्यांनी कशाला? तुझ्या पायाखाली काय आहे?"

"माती."

"कुठली माती?"

 मग बाईंनी सांगितलं ते तोर्सविकमधल्या प्रत्येकाला अर्धंमुर्धं ठाऊक होतं, पण कुणी कधी पूर्ण विचार केला नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथली शिडाची जहाजं सुकवलेला कॉड मासा घेऊन पोर्तुगाल-स्पेनला जायची. येताना रिकामं जहाज समुद्रात कलंडू नये म्हणून तळाशी तिकडची माती आणि दगड भरून आणायची. ती माती धक्क्यावर साचून तिचे डोंगर झाले. इथं औषधांचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात आलं, की उघड्याबोडक्या ओसेनवर ही माती नेली तर बाग होईल. उन्हाळ्यात घोडे आणि हिवाळ्यात घसरगाड्या लागल्या. जिथं घोडा चढेना, तिथं मासे सुकवणाऱ्या बायकांनी पाठीवरच्या टोपल्यांतून ती वर नेली. अकरा वर्षं लागली.

"मातीबरोबर बी आलं," बाई म्हणाल्या. "वर झाडं लावली, सावली झाली, बी झोपलं. आता उलथापालथ झाली, ऊन लागलं. उठलंय."

ओड्नी मातीत गुडघ्यांवर बसली. एवढी वर्षं तिनं या मातीत हात घातले होते. तिला वाटायचं, ही तिची आणि सीवर्टची माती. तिनं मूठभर उचलली आणि पाहत राहिली.

"शंभर वर्षं, बाई?"

"अगं, मी चौऱ्याऐंशी आहे. मला नाही का उठवलंस आज?"

दुसऱ्या दिवशी ओड्नी हालवरच्या कचेरीत गेली. या वेळी बोलण्यात जोर होता.

"खडी सप्टेंबरात टाक. मला एक उन्हाळा दे."

"ताई, कंत्राटदार ठरलाय. आणि हे सगळं तणासाठी?"

"तणासाठीच. तण ही बापजाद्यांची कमाई असते कधीकधी. वर ये आणि बघ. मग नाही म्हण."

तो आला. भिंग घेऊन बसलेल्या वाल्बोर्गबाईंनी त्याला ओळखलं, शाळेत असताना त्यानं पानांच्या संग्रहात सगळीकडे एकच पान वेगवेगळ्या नावांनी चिकटवलं होतं याची आठवण करून दिली, आणि तास घेतला. तासाभरानं हालवर मातीनं भरलेले बूट घेऊन उतरला आणि काम सप्टेंबरपर्यंत पुढं ढकललं.

जुलैत ओसेन पेटला. पश्चिमेचा उतार पॉपींनी लालभडक, मधूनमधून माणसापेक्षा उंच पिवळे दांडे, खाली जांभळ्या फुलांचे झुपके. बंदरात शिरणाऱ्या बोटी वेग कमी करायला लागल्या. रोज संध्याकाळी जेवण झालं की लोक चढायला लागले, आडव्या पडलेल्या बुंध्यांवर बसायला लागले. ओड्नीनं खुरासानी ओव्याभोवती दोर बांधला आणि पाटी लावली. योस्टाइन सुट्टीच्या दिवशी मंडपात तवा मांडून स्वेले भाजायचा.

एका शनिवारी बंदरात कॉड न्यायला आलेल्या पोर्तुगीज जहाजावरचे पाच-सहा खलाशी वर आले. त्यांत आर्मिंदु नावाचा साठीतला स्वयंपाकी होता. जांभळ्या फुलांच्या झुपक्याशी तो थबकला, खाली बसला आणि फुलाखालची चपटी हिरवी फळं खुडून तोंडात टाकायला लागला.

"अरे, थांब!" ओड्नी धावली. "विष आहे!"

"विष तिकडे, दोरापलीकडे," तो मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये म्हणाला. वीस वर्षं या बंदरांत येऊन तो तेवढं शिकला होता. "हे चीज. माझ्या गावात पोरं याला चीज म्हणतात. आजीच्या घराच्या भिंतीला हेच. मार खायचो, पण खायचो. घे."

त्यानं दोन फळं तिच्या तळहातावर ठेवली. गाडीच्या चाकासारखी गोल, बटणाएवढी. ओड्नीनं एक चावलं. कच्च्या वाटाण्यासारखं लागलं.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"चीज नाहीये हे."

"नाहीच. पण आम्ही गरीब होतो, म्हणायचो." तो हसला आणि मग मातीवर हात फिरवत राहिला. "आमची माती का ही?"

"तुमची. आमच्या बायकांनी वर आणली."

"मग चांगलं सांभाळलंत," तो म्हणाला. त्यानं टोपी काढली, आणि ओड्नीनं त्याला योस्टाइनच्या तव्यापाशी नेलं. दोघं स्वयंपाकी एकमेकांची भाषा न येता दोन तास मिठाबद्दल भांडत होते.

ऑगस्टच्या शेवटी नगरपालिकेच्या सभागृहात बैठक झाली. एवढी माणसं आली, की दारं उघडी ठेवावी लागली. हालवर स्वतः उठला. खडीची योजना त्याचीच होती, आणि ती त्यानंच मागं घेतली. "माझं चुकलं होतं," एवढंच म्हणाला आणि बसला. ठरलं ते असं: माथ्यावर गाड्या नाहीत. झाडं पुन्हा लावायची, पण पश्चिमेचा उतार उघडा ठेवायचा.

पुढच्या मे महिन्यात झाडं लावायला सहाशे माणसं आली. कामाआधी ओड्नीनं चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला. मंडपात उभी राहून ती म्हणाली, "मला भाषण येत नाही. ज्या बायकांनी ही माती पाठीवरून वर आणली, त्यांतल्या एकीचंही नाव मला माहीत नाही. मी शोधलं, कुठं लिहिलेलंच नाही. त्यांना कधी झाडाच्या सावलीत बसायलाही मिळालं नसेल, तेवढी झाडं वाढायच्या आत त्या गेल्या असतील. मला मात्र तेहतीस वर्षं बसायला मिळालं. वादळानंतर मी म्हणत होते की माझं सगळं गेलं. माझं होतं काय त्यात? मला दिलेलं होतं. तर त्यांचे आभार. आता फावडी उचला, आणि खडक लागला तर रडू नका."

फुलं दुसऱ्या वर्षी थोडी कमी आली, तिसऱ्या वर्षी आणखी. ती जात उकरलेल्या मातीतली. गवत दाटलं की तिचं काही चालत नाही. चौथ्या उन्हाळ्यात उतारावर दोन पिवळे दांडे तेवढे उभे होते.

"गेली गं तुझी पाहुणी," योस्टाइन म्हणाला.

"गेली कुठं? झोपलीत. उठवायची वेळ आली तर कुणीतरी उठवेल."

वाल्बोर्गबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी पॉपीच्या सुकलेल्या बोंडांची एक वाटी होती, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ती कानाशी नेऊन वाजवून दाखवायच्या.

ओड्नी सदुसष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. नगरपालिकेनं तिच्या नावाचा दगड मंडपासमोर बसवायचं ठरवलं. हालवर, आता टक्कल पडलेला, ते सांगायला तिच्या घरी आला.

"दगड नको," ती म्हणाली. "वर खडकाची कमी आहे का? त्यापेक्षा बंदराकडच्या पायऱ्यांना कठडा लाव. निम्म्यावर म्हाताऱ्या माणसांना धरायला काही नाही. तिथून परत फिरतात बिचारी."

"ताई, कठड्यावर नाव कुठं घालणार?"

"घालू नकोस. धरता आला म्हणजे झालं. आणि लोखंडाचा नको, हिवाळ्यात हात चिकटतात. लाकडाचा कर."

कठडा लाकडाचा झाला. ओड्नी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. योस्टाइन चार वर्षांपूर्वी गेला. हवा बरी असेल त्या दिवशी ती दहाच्या सुमाराला निघते, डाव्या हातानं कठडा धरते, दर वीस पायऱ्यांना थांबते आणि खाली उतरणाऱ्यांशी गप्पा मारते. माथ्यावर पोचायला पाऊण तास लागतो. नव्या झाडांची वयं आता तिशीपुढं गेली आहेत. त्यांच्याखाली बसून ती पिशवीतलं वाफल काढते, आणि शेजारी कुणी बसलेलं असेल तर अर्धं मोडून त्याच्यापुढं धरते.